कवळीचं मऊ अस्तर: अॅक्रिलिक की सिलिकॉन?

खालची कवळी हिरडीला टोचू लागली की दातांचे डॉक्टर आतून मऊ अस्तर लावून देतात. त्याचे मुख्य प्रकार दोन.

अॅक्रिलिकचं अस्तर कवळीला घट्ट धरतं, कारण कवळीही सहसा अॅक्रिलिकचीच (एक प्रकारचं प्लास्टिक) असते. दोन्ही एकजीव होतात. पण त्याचा मऊपणा त्यात मिसळलेल्या प्लास्टिसायझरमुळे, म्हणजे प्लास्टिक मऊ करणाऱ्या द्रव्यामुळे असतो. लाळेत, पाण्यात तो हळूहळू झिरपून जातो आणि काही महिन्यांत अस्तर कडक होतं. मग पुन्हा तेच टोचणं. आजी-आजोबा मुकाट्याने सहन करतात, याचंच वाईट वाटतं.

सिलिकॉनमध्ये प्लास्टिसायझर नसतो, त्यामुळे लवचिकपणा बराच जास्त टिकतो. त्याची दुखरी बाजू म्हणजे जोड. अॅक्रिलिकला ते आपोआप चिकटत नाही, आधी प्रायमर (चिकटण्यासाठी लावायचा द्राव) लावावा लागतो, आणि कड सुटली की फटीत अन्न व बुरशी साचते. लॅबमध्ये उष्णतेने पक्कं केलेलं सिलिकॉन दवाखान्यात खुर्चीशेजारीच तयार करून लावलेल्यापेक्षा सहसा जास्त टिकतं.

हिरडी अजून आकसत असेल, म्हणजे दात नुकतेच काढले असतील, तर अॅक्रिलिक पुरे. अस्तर लवकरच बदलावं लागणार असतं. हाड झिजून स्थिरावलेल्या हिरडीला मी सिलिकॉनच सुचवेन. दोन्ही अस्तरं कडक ब्रशने घासू नका.