आंब्याचा एक हंगाम आणि दोन डेटाबेस : सात महिने वापरल्यानंतर

जानेवारीत मोहोर बघून मुंबई-पुण्याच्या घरपोच पेट्या वाढवायचं ठरलं आणि त्याच आठवड्यात हिशेबासाठी एक्सेल सोडून डेटाबेस घेतला. आता ऑगस्ट आहे, बाहेर पाऊस कोसळतोय, आणि देवगडच्या आमच्या छोट्या बागेचा हंगामभराचा हिशेब उधारीच्या शेवटच्या नोंदीपर्यंत जुळलाय. असं पूर्वी कधी झालं नव्हतं, म्हणून सविस्तर लिहितेय.

एक्सेलमध्ये डोंबिवलीचं एकच गिऱ्हाईक तीन नावांनी होतं : एकदा मराठीत, एकदा इंग्रजीत, एकदा नुसतं ‘डोंबिवलीवाले काका’. त्यांनी घर बदललं. मी एका ओळीतला पत्ता बदलला, बाकीच्या दोन तशाच राहिल्या आणि पाच डझनाची पेटी जुन्या घरी गेली. बंद दारापुढे आंबा पिकून फुकट गेला. नुकसान पैशाचं होतंच, पण त्या माणसाला फोन करताना फार लाज वाटली.

हा घोळ जगात फार आधी ओळखला गेलाय. डेटाबेस म्हणजे साठवलेली माहिती. ती सांभाळणारा, नियम पाळायला लावणारा, एकाच वेळी अनेकांना तिला हात लावू देणारा प्रोग्राम म्हणजे डीबीएमएस. १९६० च्या दशकात आयबीएमने आयएमएस केला, तो अपोलो या चांद्रमोहिमेच्या सुट्या भागांची यादी सांभाळायला. त्याची रचना झाडासारखी. आमच्याकडे बागेखाली कलमं, कलमांखाली तोड, तोडीखाली पेट्या, असं ते छान बसतं. पण एकाच ऑर्डरीत दोन बागांच्या पेट्या गेल्या, की ती ऑर्डर कुठल्या फांदीला बांधायची? चार्ल्स बाखमन यांच्या नेटवर्क पद्धतीत एका नोंदीला अनेक पालक चालतात, मात्र एका नोंदीवरून दुसरीकडे जायची वाट प्रोग्राम लिहिणाऱ्यालाच शोधावी लागते. १९७० मध्ये आयबीएमच्याच एडगर कॉड यांनी सांगितलं, की सरळ तक्ते करा आणि ते आतल्या मूल्यांनी एकमेकांना जोडा. माहिती आत कशी ठेवलीय याची चिंता वापरणाऱ्याला नको. हाच रिलेशनल डेटाबेस. आमच्याकडे गिऱ्हाईक, ऑर्डर, पेटी आणि पैसे असे चार तक्ते झाले. काकांचा पत्ता आता एकाच जागी आहे. ऑर्डरीत फक्त त्यांचा क्रमांक असतो.

पहिले तीन महिने एसक्यूलाइट हा छोटा डीबीएमएस वापरला. बसवायला काही नाही, सगळा डेटाबेस एका फाइलमध्ये, आणि फुकट. तुमच्या अँड्रॉइड फोनमध्येही तो आत्ता चालू आहे. एकट्या माणसाने हिशेब ठेवायचा असेल तर मी आजही हाच सुचवेन.

तरी एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून बघा. आईने एका संध्याकाळी पेट्यांच्या रकान्यात मराठी आकड्यातला ‘५’ टाकला. रकाना पूर्णांकाचा होता, तरी तो मजकूर म्हणून आत गेला आणि बेरजेत शून्य धरला गेला. पाच पेट्या कमी का येतात, हे शोधण्यात रात्रीचे बारा वाजले. ही मोकळीक एसक्यूलाइटमध्ये जाणूनबुजून ठेवलेली आहे आणि तक्ता करताना ‘स्ट्रिक्ट’ लिहिलं की ती बंद होते. आम्ही लिहिलं नव्हतं, चूक आमची. फॉरेन कीची, म्हणजे ऑर्डरीतला गिऱ्हाइकाचा क्रमांक गिऱ्हाइकांच्या तक्त्यात खरंच आहे का याची, तपासणीही दर वेळी आपणच चालू करायची असते.

एप्रिलमध्ये मी घरी फोनवर ऑर्डरी घेत होते आणि भाऊ शेडमध्ये पेट्या भरत होता. दोघांनाही एकाच वेळी नोंद करायची असे. एसक्यूलाइटमध्ये एका वेळी एकच जण लिहू शकतो, आणि नेटवर्कवर ठेवलेली फाइल दोन मशीनवरून वापरू नका, असं एसक्यूलाइट बनवणारेच सांगतात. म्हणून जुन्या डेस्कटॉपवर पोस्टग्रेस हा अनेकांना एकाच वेळी लिहू देणारा डीबीएमएस बसवला. १९८६ मध्ये बर्कली विद्यापीठात सुरू झालेलं हे काम. बसवायला वेळ लागला, पासवर्ड आणि परवानग्यांनी दोन दिवस खाल्ले. पण दुसऱ्याच दिवशी आईने हाक मारली, “गो, ह्यां पाच घेणा नाय!” परत मराठी आकडा टाकला होता आणि पोस्टग्रेसने तो सरळ नाकारला. मला इतका आनंद झाला! चुकीची नोंद दारातच अडवणारा हिशेबनीस मला हवा होता.

तक्त्यांची नावं मराठीत ठेवता येतात, पण नाव ६३ बाइटांपर्यंतच (बाइट म्हणजे साठवणीचं छोटं माप) चालतं आणि देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. काना-मात्रा-वेलांट्यासुद्धा मोजल्या जातात. ‘पट्टी’ (दलालाकडून येणारा विक्रीचा हिशेब) इतकंच नाव ठेवा, दलालाचा सगळा पत्ता त्यात कोंबू नका.

मे महिन्यात वळवाचा पाऊस आला. ऑर्डर लिहिली होती, शिल्लक साठ्यातून पेट्या वजा करायच्या बाकी होत्या, आणि वीज गेली. दोन तासांनी मशीन चालू केलं तेव्हा ती अर्धी ऑर्डर नव्हतीच, आणि आधी पक्क्या केलेल्या सगळ्या नोंदी जागच्या जागी होत्या. दोन्ही कामं होतील किंवा एकही होणार नाही, याला ट्रान्झॅक्शन म्हणतात. हे शास्त्र पक्कं करणाऱ्यांत जिम ग्रे यांचं नाव मोठं, संगणकशास्त्रातलं १९९८ चं ट्युरिंग पारितोषिक त्यांना मिळालं. २००७ च्या जानेवारीत ते सॅन फ्रान्सिस्कोहून एकटेच शिडाची बोट घेऊन समुद्रात गेले ते परत आलेच नाहीत. आम्हा किनाऱ्यावरच्या माणसांना ही गोष्ट फार आत लागते. त्या रात्री मेणबत्तीपाशी बसून मला त्यांचीच आठवण येत होती.

मोंगोडीबीसारखे डॉक्युमेंट डेटाबेस (प्रत्येक नोंद म्हणजे एक स्वतंत्र कागद), रेडिससारखे की-व्हॅल्यू (एक नाव आणि त्याचं मूल्य), निओफोरजेसारखे ग्राफ (नोंदींमधली नाती जपणारे) हेही प्रकार आहेत. मोंगोडीबी मी आठवडाभर चाळला. प्रत्येक नोंदीचा आकार वेगळा असेल तिथे तो शोभतो. आमची पेटी पेटीसारखीच असते.

तक्रार एकच, बॅकअपची. एसक्यूलाइटची फाइल, कुणी लिहीत नसताना, उचलून पेनड्राइव्हवर टाकली की झालं, पोस्टग्रेसला त्याची स्वतंत्र आज्ञा द्यावी लागते. शिवाय इथल्या खाऱ्या हवेत पेनड्राइव्हवर माझा विश्वास नाही. म्हणून दर रविवारी तो बॅकअप भावाच्या लॅपटॉपवर उघडते, पेट्यांची बेरीज मूळ मशीनशी ताडून बघते, आणि मगच मागच्या आठवड्याचा पुसते.