निदानासाठी उत्तम, पुढील उपचारांत उणी: एका संधिवात विभागातील फायब्रोमायल्जिया तपासणी

अंगभर दुखत राहते, रात्रभर झोपूनही थकवा उतरत नाही आणि रक्ताचे अहवाल मात्र वारंवार निर्दोष येतात, अशा अवस्थेत, म्हणजे फायब्रोमायल्जिया या अंगभर दीर्घकाळ दुखण्याच्या आजाराची शंका असताना, संधिवाततज्ज्ञांकडे जाण्याच्या विचारात असलेल्यांसाठी हे परीक्षण लिहीत आहे. मी ज्या बाह्यरुग्ण विभागात तपासून घेतले त्याचे नाव देण्यापेक्षा तेथे निदान कसे केले जाते हे सविस्तर सांगणे मला अधिक उपयोगाचे वाटते, कारण त्यावरून वाचकाला कोणत्याही विभागाच्या सेवेची पारख करता येईल.

तपासणीची सुरुवात अहवालांच्या गठ्ठ्यापासून झाली नाही, ही मला सर्वांत महत्त्वाची गोष्ट वाटते. डॉक्टरांनी आधी शरीराचे एक रेखाचित्र पुढे ठेवले आणि गेल्या आठवड्यात जेथे जेथे दुखले त्या जागा खुणावण्यास सांगितले. या पद्धतीत शरीराचे 19 भाग धरलेले असतात आणि दुखऱ्या भागांची संख्या हा पहिला गुणांक ठरतो. दुसरा गुणांक लक्षणांच्या तीव्रतेचा असतो. थकवा, झोपेतून ताजेतवाने न उठणे आणि स्मरण व एकाग्रतेतील अडचणी यांना प्रत्येकी 0 ते 3 गुण दिले जातात, आणि मागील सहा महिन्यांत डोकेदुखी, ओटीपोटातील दुखणे वा नैराश्य यांपैकी जे जाणवले असेल त्याचा प्रत्येकी एक गुण त्यांत मिळवला जातो. 2016 मध्ये सुधारलेल्या निकषांनुसार पहिला गुणांक किमान 7 आणि दुसरा किमान 5 असावा लागतो, किंवा पहिला 4 ते 6 असल्यास दुसरा किमान 9 असावा लागतो. त्याखेरीज शरीराच्या पाचपैकी किमान चार विभागांत वेदना असणे आणि हा त्रास साधारण त्याच पातळीवर किमान तीन महिने टिकलेला असणे आवश्यक असते. हे सारे मला तेथेच, माझ्या उत्तरांचा कागद समोर ठेवून समजावण्यात आले. आपला त्रास कोणीतरी मोजण्याजोगा मानतो आहे, ही जाणीव दीर्घकाळ दुखणे सोसणाऱ्याला किती आधार देते, हे सोसणाऱ्यालाच कळते.

अनेकांनी ऐकलेली जुनी पद्धत 1990 च्या निकषांची आहे. तीत शरीरावरील 18 ठरावीक बिंदू सुमारे चार किलो भाराने दाबून पाहत आणि त्यांपैकी किमान 11 दुखावे लागत. हा दाब प्रत्येक तपासनीस सारखाच देईल याची शाश्वती नव्हती, आणि थकवा, झोप व विस्मरण यांना त्या मोजणीत स्थानच नव्हते. माझ्या डॉक्टरांनी बिंदू मोजले नाहीत, पण हाताने तपासणे टाळलेही नाही. प्रत्येक सांध्याची सूज पाहिली, स्नायूंची ताकद अजमावली, त्वचेवर चट्टे आहेत का ते पाहिले. फायब्रोमायल्जियात सांधे सुजत नाहीत आणि स्नायूंची खरी ताकद घटत नाही. तसे काही आढळले तर दुसऱ्या आजाराचा शोध घ्यावा लागतो, म्हणून ही तपासणी घाईने उरकण्याजोगी नसते.

रक्ततपासण्या मोजक्याच सांगितल्या: रक्तपेशींची गणना, शरीरातील दाह दाखवणाऱ्या ईएसआर आणि सीआरपी या चाचण्या, आणि थायरॉईडसाठी टीएसएच. ऱ्हुमॅटॉइड फॅक्टर आणि एएनए या, संधिवात व तत्सम आजारांतील प्रतिपिंडे शोधणाऱ्या चाचण्या सरसकट का करायच्या नाहीत, याचे कारणही दिले. त्या काही निरोगी माणसांतही सकारात्मक येतात आणि लक्षणे जुळत नसताना त्यामुळे नाहक भीती निर्माण होते. कोलेस्टेरॉलसाठी स्टॅटिन घेता का आणि झोपेत श्वास अडखळतो का, हेही विचारण्यात आले, कारण या दोन्हींमुळे मिळतीजुळती लक्षणे दिसू शकतात. दुसरा एखादा आजार सापडला म्हणून फायब्रोमायल्जिया आपोआप बाद होत नाही, संधिवाताच्या रुग्णालाही तो असू शकतो, हे त्यांनी आवर्जून सांगितले. सर्व तपासण्या निर्दोष आल्यावर चिकटवायचे उरलेले नाव म्हणून या आजाराकडे पाहणे मला घातक वाटते. लक्षणांच्या ठरावीक आकृतिबंधावरून करायचे हे स्वतंत्र निदान आहे, आणि या विभागाने ते तसेच केले.

मज्जासंस्था वेदनेचे संकेत वाढवून ग्रहण करते, म्हणून ऊतींना इजा नसतानाही दुखणे खरेच होते, हे स्पष्टीकरण डॉक्टरांनी संयमाने दिले. ‘सगळे मनाचे खेळ आहेत’ असे सुचवणारा एकही शब्द त्यांनी वापरला नाही.

पुढील उपचारांचे मार्गदर्शन मात्र या दर्जाचे नव्हते. प्रेगाबॅलिन, ड्युलोक्सेटिन आणि अल्प मात्रेतील अ‍ॅमिट्रिप्टिलिन या औषधांचे उपयोग आणि दुष्परिणाम नीट सांगितले गेले, पण व्यायामाबाबत केवळ ‘रोज चाला’ एवढीच सूचना मिळाली. युरोपातील संधिवाततज्ज्ञांच्या 2016 च्या शिफारशींत ज्या एकाच उपायाला ठाम पाठिंबा दिला आहे तो व्यायाम आहे, आणि तो अगदी थोड्यापासून सुरू करून हळूहळू वाढवावा लागतो. पहिल्याच आठवड्यात उत्साहाने जास्त चालणारा रुग्ण दुखणे बळावल्यामुळे व्यायामच सोडून देतो. म्हणून फिजिओथेरपिस्टची भेट या सेवेचाच भाग असायला हवी होती. प्रतीक्षाकक्षातील माहितीपत्रकात अजूनही 18 बिंदूंचेच चित्र आहे, तेही बदलायला हवे.

निदानासाठी मी हा विभाग निःशंकपणे सुचवेन. जाताना चालू औषधांची यादी, जुने अहवाल आणि काही आठवड्यांची झोप, थकवा व दुखऱ्या जागांची नोंद बरोबर न्यावी, आणि व्यायामाची टप्प्याटप्प्याची लेखी आखणी पहिल्याच भेटीत मागून घ्यावी.