सभाधीट व्हायचंय: क्लब, वर्ग, नाटक की मंडळाचा माईक?

आधी तारीख सांगा. भाषण येत्या शनिवारी असेल तर उत्तर एक, आणि ‘चारचौघांत नीट बोलता यायला हवं’ एवढीच इच्छा असेल तर उत्तर दुसरं. मुंबईत वक्तृत्व शिकवणाऱ्यांना तोटा नाही. भीती घालवून देतो असं सगळेच सांगतात. पण ती जाते माणसांसमोर उभं राहून, थोड्या थोड्या दिवसांनी, आधी दहाजणांसमोर आणि मग शंभरांसमोर. व्हिडिओ बघून कोणी सभाधीट झाल्याचं मी पाहिलेलं नाही. त्यामुळे कुठलाही पर्याय समोर आला की मी एकच पट्टी लावते: इथे मी स्वतः महिन्याला किती मिनिटं उभी राहून बोलणार? फी, भाषा, वेळ हे सगळं त्यानंतर.

तारीख जवळ आली असेल तर

आठ-पंधरा दिवसच उरले असतील तर कुठेही नाव घालू नका. घरी तयारी करा, पण उभं राहून आणि मोठ्याने. मनातल्या मनात म्हटलेलं भाषण नेहमीच छान होतं. मराठीत सावकाश बोललं तर मिनिटाला साधारण १०० ते १२५ शब्द होतात. म्हणजे ५ मिनिटांसाठी ६०० शब्द पुरे. लोक दीड हजार लिहून आणतात आणि मग शेवटी धापा टाकत कागद संपवतात.

सगळं भाषण पाठ करू नका, एक शब्द निसटला की पुढचं सगळं अडतं. पहिली तीन आणि शेवटची दोन वाक्यं तोंडपाठ हवीत, मधलं कार्डावर मुद्द्यांनी. सुरुवातीच्याच वाक्यांवर एवढा भर का? तर पोटातला गोळा, तोंडाची कोरड, धडधड हे सगळं ॲड्रेनलिनचं काम, आणि बहुतेकांच्या बाबतीत ते पहिल्या एक-दोन मिनिटांतच सगळ्यात जास्त असतं. तेवढा वेळ तोंडातून वाक्यं आपोआप आली की पुढे जीव शांत होत जातो.

दोन संशोधनं इथे खरोखर उपयोगी पडतात. सॅविट्स्की आणि गिलोविच या दोघांनी २००३ मध्ये दाखवून दिलं की आपली घाबरगुंडी समोरच्यांना जेवढी दिसते असं आपल्याला वाटतं, त्याहून बरीच कमी दिसते. आणि ही गोष्ट ज्यांना आधी समजावून सांगितली, त्यांची भाषणं इतरांपेक्षा बरी झाली. दुसरं ॲलिसन वुड ब्रुक्स यांचं, २०१४ चं. भाषणाआधी ‘मी शांत आहे’ असं स्वतःला बजावणाऱ्यांपेक्षा ‘मला उत्साह वाटतोय’ म्हणणाऱ्यांची भाषणं सरस ठरली. धडधड दोन्हीकडे तीच, तिला नाव काय देता एवढाच फरक. तेव्हा घरच्यांनी ‘घाबरू नकोस, शांत हो’ चा जप लावला तर त्यांना प्रेमाने चहा करायला पाठवा. (तुम्ही मात्र त्या दिवशी जादा कप घेऊ नका, धडधड वाढते.) श्वासाचं म्हणाल तर आत घेण्यापेक्षा बाहेर सोडायला जास्त वेळ लावायचा, एवढंच लक्षात ठेवलं तरी चालेल.

सरावाला जागा कुठली? दोन खोल्यांच्या घरात मोठ्याने भाषण करणं म्हणजे शेजाऱ्यांनाही तोंडपाठ होणार. गच्ची आहे, पहाटेचं शिवाजी पार्क आहे, वरळीचा समुद्रकिनारा आहे. कानात इयरफोन घातला की या शहरात एकट्याने हातवारे करत बोलणाऱ्याकडे कोणी ढुंकूनही बघत नाही. मात्र शेवटचे दोन सराव तीन-चार माणसांसमोरच करा, त्याला पर्याय नाही.

कार्यक्रमाच्या जागी अर्धा तास आधी पोचा आणि माईकवर एक पूर्ण वाक्य बोलून बघा. हातातला माईक हनुवटीच्या जरा खाली, तोंडापासून चार बोटं. फुंकर मारायची नाही, टिचक्या मारायच्या नाहीत. शिट्टी वाजायला लागली तर बहुधा तुम्ही स्पीकरच्या पुढ्यात उभे आहात, त्याच्या मागच्या बाजूला सरका. हात थरथरत असतील तर पातळ कागद ते चारपट करून दाखवतो. जाड कार्ड घ्या आणि माईक स्टँडवर लावून मागा.

क्लब की सशुल्क वर्ग?

हातात सहा महिने असतील तर बहुतेकांची अडचण इथेच होते.

टोस्टमास्टर्स म्हणजे सभासदांनी जमून भाषणाचा सराव करायच्या क्लबांची संस्था. तिची सुरुवात १९२४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सांता आना इथे राल्फ स्मेडली यांनी केली. मुंबई-ठाण्यात आज त्यांचे पुष्कळ क्लब आहेत, काही फक्त त्या त्या कंपनीच्या कर्मचाऱ्यांसाठी, बाकी सगळ्यांसाठी खुले. तिथे गुरू नसतो, सभासदच एकमेकांना ऐकतात. एक जण वेळ मोजतो: ५ ते ७ मिनिटांच्या भाषणात पाचव्या मिनिटाला हिरवं कार्ड, सहाव्याला पिवळं, सातव्याला लाल. एक जण तुमचे ‘अं...’ आणि अडखळणं मोजून शेवटी सगळ्यांदेखत वाचून दाखवतो. आपल्याकडे त्या यादीत ‘म्हणजे’, ‘ॲक्च्युअली’, ‘बेसिकली’ आणि ‘राइट?’ यांची चंगळ असते. पहिल्यांदा आपला आकडा ऐकला की कान तापतात, पण दोन-तीन बैठकांत तो उतरायला लागतो. मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो ऐनवेळी विषय देण्याचा भाग. नाव पुकारलं की उठायचं आणि एक-दोन मिनिटं बोलायचं. ऑफिसच्या मीटिंगमध्ये साहेब अचानक ‘तुमचं काय मत?’ विचारतात तेव्हा लागतं ते नेमकं हेच.

आता वर्ग घ्या. शनिवार-रविवारची कार्यशाळा, ४० जण, दोन दिवसांचे मिळून १२ तास. त्यातले आठ तास शिकवणारे स्वतः बोलतात असं धरा. उरले ४ तास, म्हणजे २४० मिनिटं, भागिले ४०. तुमच्या वाट्याला ६ मिनिटं आली, तीही प्रत्येकाची पाळी वेळेवर संपली तर. हजारो रुपये मोजून सहा मिनिटं! म्हणून पैसे भरण्याआधी फोनवर तीन गोष्टी विचारा: बॅचमध्ये किती जण, मी किती वेळा उभी राहणार, आणि माझं रेकॉर्डिंग मला मिळणार का? तिसऱ्या प्रश्नाला आढेवेढे घेतले तर फोन ठेवा.

तरी वर्ग टाकाऊ आहे असं नाही. भाषणाची बांधणी, मुद्द्यांचा क्रम, आकडे लोकांच्या गळी कसे उतरवायचे, हे जाणकाराकडून शिकलं तर महिने वाचतात. क्लबमध्ये तुमचं मूल्यमापन करणारा तुमच्यासारखाच शिकाऊ असतो, आणि तिथलं वातावरण इतकं गोड की वाईट भाषणालाही कडकडाट होतो. कंपनीच्या संचालकांसमोर सादरीकरण असेल आणि ऑफिस पैसे देणार असेल, तर एकट्यासाठी शिकवणी लावा. खिशातून भरायचे असतील तर क्लब. पाहुणा म्हणून एक-दोनदा फुकट बसता येतं. मात्र बरेच क्लब इंग्रजीत चालतात, तेव्हा जायच्या आधी भाषा विचारून घ्या. ज्याला सोसायटीच्या वार्षिक सभेत मराठीत बोलायचंय त्याला इंग्रजीतला सराव उपयोगी पडतो, पण अर्धाच.

नाटक

आवाज बसका असेल, वाक्याचा शेवट गिळत असाल, हात कुठे ठेवायचे कळत नसेल, तर नाट्यशिबिरासारखं दुसरं काही नाही. या बाबतीत मुंबई श्रीमंत आहे. दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात सत्तरच्या दशकात प्रायोगिक नाटकं होत, ती परंपरा आटोपली तरी शिबिरं आणि एकांकिकांचे गट शहरभर आहेत. शब्दफेक, पोटातून श्वास, शेवटच्या रांगेतल्या आजींनाही ऐकू जाईल असा आवाज, हे तिथे अंगात मुरतं.

पण एक मेख आहे. नाटकात वाक्यं दुसऱ्याची असतात आणि तुम्ही पात्राच्या आड असता. एकांकिकेत बक्षीस मिळवणारी मुलं स्वतःच्या नावाने दोन शब्द बोलायची वेळ आली की त-त-प-प करताना दिसतात. शिवाय तालमी ऑफिसनंतर सुरू होतात आणि शेवटच्या लोकलपर्यंत चालतात. घरी लहान मूल असेल तर विसरा.

मंडळाचा माईक

माझा कौल याला, निदान मराठीत बोलायचं असेल तर. गिरगावच्या केशवजी नाईक चाळीत १८९३ मध्ये सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला, तेव्हापासून या शहरात सामान्य माणसाला बोलायला मंच मिळत आला आहे. गणपती, नवरात्र, २६ जानेवारी, २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन, वाचनालयाचा वर्धापनदिन, सोसायटीचं हळदीकुंकू. फी शून्य आणि श्रोते अस्सल. पोरं पुढून पळतात, मागून कोणीतरी ‘ताई, माईक जवळ घ्या’ ओरडतं, मधेच वीज जाते. इथे तरलात तर कॉन्फरन्स रूम किस झाड की पत्ती.

आणि आपल्या कार्यक्रमांमध्ये शिकाऊ माणसासाठी पायऱ्या आयत्याच आहेत. पहिली पायरी आभारप्रदर्शन. दोन मिनिटं, कार्डावर नावं, लोक चपला शोधायला लागलेले, कोणाचंच फार लक्ष नाही. नाव सुटू नये एवढंच बघायचं, म्हणून यादी सचिवांकडून आदल्या दिवशी तपासून घ्या आणि डेकोरेशनवाल्यापासून वॉचमनपर्यंत सगळे त्यात आहेत ना ते पाहा. दुसरी पायरी पाहुण्यांचा परिचय. इथे मजकूर बाहेरून मिळतो, पण तो तीन पानांचा असतो. त्यातल्या चार ओळी निवडणं हेच शिक्षण. पाहुण्यांच्या नावाचा उच्चार त्यांनाच विचारून घ्यावा. मग प्रास्ताविक, जिथे पहिल्यांदा स्वतःचे विचार मांडावे लागतात आणि सभागृह अजून स्थिरस्थावर झालेलं नसतं. सूत्रसंचालन सगळ्यात वरचं, कारण पाहुणे उशिरा आले की मधली वीस मिनिटं तुमच्या गळ्यात पडतात. एका वर्षात पहिल्या दोन पायऱ्या चढलात तरी खूप झालं.

मंच मिळवणं अवघड नाही. आभारप्रदर्शन सगळे एकमेकांवर ढकलत असतात. कार्यक्रम ठरवायच्या बैठकीला जा आणि ‘आभार मी मानते’ म्हणा, कार्यकर्ते तुमचे आभार मानतील.

उणीव एकच, पण मोठी. खरं कोणी सांगत नाही, सगळे ‘छान झालं’ म्हणतात. म्हणून एका स्पष्टवक्त्या माणसाला आधीच कामाला लावा आणि त्याला एकच गोष्ट बघायला सांगा, वेग किंवा नजर किंवा ‘म्हणजे’. मोबाईल पहिल्या रांगेत कोणाच्या तरी हाती देऊन रेकॉर्डिंगही करून घ्या. दुसरी अडचण अशी की कार्यक्रम सणासुदीला एकदम येतात आणि मधले महिने कोरडे जातात. माझ्या पट्टीवर मंडळ इथे मार खातं आणि क्लब जिंकतो. जमलं तर वर्षभर क्लब आणि सणाला मंडळ, असं दोन्ही धरा.

गोळीचं काय?

प्रोप्रानोलॉल नावाची गोळी धडधड आणि थरथर कमी करते, वादक-गायकही ती घेतात. ती डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच घ्यायची. दमा असणाऱ्यांना आणि नाडी मंद असणाऱ्यांना ती धोक्याची ठरू शकते, तेव्हा मित्राच्या पाकिटातली उचलून तोंडात टाकू नका. आणि भाषणाची तयारी ती करून देत नाही. बोलावं लागेल म्हणून बढती नाकारणं, लग्नाकार्याला जाणं टाळणं असं होत असेल, तर वरचे सगळे पर्याय बाजूला ठेवून मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. या भीतीवर वर्तनोपचाराने चांगला गुण येतो. टेली-मानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर फुकट बोलता येतं, मराठीतही.

क्लब निवडताना एक अगदी मुंबईकर सूचना. बैठक ऑफिसजवळ आहे की घराजवळ, ते आधी बघा. ऑफिसजवळची सोयीची वाटते, पण रात्री नऊला सुटून डोंबिवली किंवा विरार गाठायचं म्हटलं की महिन्याभरात दांड्या सुरू होतात. घराच्या स्टेशनवर उतरून चालत जाता येईल असा क्लब जरा कमी नावाजलेला असला तरी तोच घ्या.