इलेक्ट्रॉनिक्सचं स्टार्टर किट: दिवाळीत घेतलं, आता मे उजाडला

परवा दुपारी आमच्या लोकमान्य नगरच्या गॅलरीत ११८ अंश सेल्सियस तापमान होतं. मग ९ झालं. मग ४१, जे खरं असावं, कारण इंदूरचा मे आहे. किटमधला तापमान मोजणारा एलएम३५ सेन्सर, उनोचा (आर्डुइनो उनो या प्रोग्रॅम करता येणाऱ्या छोट्या बोर्डाचा) क्लोन, म्हणजे नक्कल केलेला बोर्ड, दहा-बारा ओळींचा प्रोग्रॅम, सगळं जागच्या जागी. सेन्सर बदलून पाहिला, तेच. शेवटी सेन्सरचा सिग्नल बोर्डाकडे नेणारी पिवळी जंपर वायर (दोन्ही टोकांना पिना असलेली जोडवायर) चिमटीत धरून जराशी हलवली, तर आकडा टुणकन ६७ वर. तिच्या टोकाची काळी टोपी ओढली, पिन टोपीतच राहिली आणि वायर माझ्या हातात आली. आत केसासारखे पाच-सहा तंतू, तेही पिनेत दाबलेले नाहीत, नुसते टेकवलेले.

म्हणून हा रिव्ह्यू. किटमध्ये काय काय येतं ते विक्रीच्या पानावर लिहिलेलंच आहे, ते परत उतरवून काढत नाही. मी वायरींबद्दल बोलणार आहे.

एलएम३५ दर अंशाला १० मिलिव्होल्ट देतो, म्हणजे ४१ अंशाला जेमतेम ०.४१ व्होल्ट. मधली वायर तुटली की उनोची अ‍ॅनालॉग पिन (व्होल्टेज मोजणारं टोक) अधांतरी राहते आणि आजूबाजूला जे काही घोंगावत असेल ते वाचून ० ते १०२३ मधला कुठला तरी आकडा पुढे करते. काहीच दाखवलं नसतं तरी परवडलं असतं. ती आकडा दाखवते, आणि आकडा दिसला की माणूस त्याच्यावर विश्वास ठेवतो. ज्याचा हात बसलाय तो आधी वायर तपासेल. नवखा बिचारा प्रोग्रॅम उलटापालटा करत बसतो, मग पुस्तिका चाळतो, मग आपल्याला हे जमणारं नाही असं ठरवून डबा माळ्यावर टाकतो. पंधरा-वीस रुपयांच्या वायरींपायी दीड हजाराचं किट माळ्यावर!

सेलरला व्हॉट्सॲपवर लिहिलं. उत्तर आलं, 'मैडम, वायर कंज्यूमेबल आयटम है.' म्हटलं, कंज्यूम कुठे केल्या, टोचल्या आणि तुटल्या. मग म्हणाला, व्हिडिओ पाठवा. न चालणाऱ्या वायरीचा व्हिडिओ काय काढायचा? तरी काढला. मल्टिमीटर २०० ओहमवर, म्हणजे रोध मोजायच्या रेंजवर, दोन टोकांना दोन प्रोब, पडद्यावर डावीकडे नुसता १, म्हणजे रस्ता बंद. त्यावर त्याचं उत्तर: 'मीटर खराब होगा.' मीटर त्याच्याच किटमधला! हे कळवल्यावर दोन निळ्या टिका आणि शांतता.

आता त्या मीटरचं. दिवाळीत मी त्याला दोन स्टार दिले होते, ते मागे घेते. पिवळा, हलका, बटण फिरवताना करकरतो, सर्किट जुळलं की वाजणारा बझर नाही, रेंज आपली आपणच निवडायची. मला वाटलं, डबा भरायला टाकलाय. पण एका संध्याकाळी बॅटरी, ४७० ओहमचा रेझिस्टर आणि लाल एलईडी असं साधं सर्किट लावून प्रत्येकाच्या दोन टोकांवर व्होल्टेज मोजलं. एलईडीवर २.० व्होल्ट, रेझिस्टरवर ६.९, बॅटरीवर ८.९. ताळेबंद जुळला! हिशेबाच्या नोकरीत इतकी वर्षं काढल्यावर असं काही जुळलं की काय वाटतं ते सांगून कळायचं नाही. मग ६.९ ला ४७० ने भागलं, साधारण १५ मिलिअँपिअर करंट. ओहमचा नियम शाळेत पाठ केला होता, त्या दिवशी तो पहिल्यांदा खिशातून पैसे मोजून द्यावेत तसा हातात पडला. एवढं मात्र लक्षात ठेवा: १० अँपिअरच्या भोकाशेजारी 'अनफ्यूज्ड' लिहिलेलं असतं. तिथे प्रोब लावून बॅटरीच्या दोन टोकांना टेकवू नका, आणि घरच्या प्लगजवळ तर तो मीटर नेऊच नका.

रेझिस्टर ओळखायलाही मीटरच उपयोगी पडतो. किटमधले सगळे निळ्या अंगाचे, एक टक्केवाले (मापात फार तर एक टक्का फरक), त्यांच्यावर माप सांगणारे पाच रंगीत पट्टे. पुस्तिकेत तक्ता चार पट्ट्यांचा! २२० ओहमसाठी पुस्तिका लाल-लाल-तपकिरी-सोनेरी सांगते, आणि हातातल्यावर लाल-लाल-काळा-काळा-तपकिरी. ट्यूबलाइटच्या उजेडात निळ्यावरचा लाल आणि तपकिरी सारखाच दिसतो. मी रंग बघणं सोडून दिलं, सरळ मोजते.

ब्रेडबोर्ड, म्हणजे वायरी नुसत्या टोचून सर्किट जुळवायचा भोकांचा बोर्ड, बरा आहे. ८३० भोकांचा आहे, फक्त कडेची लाल-निळी रेघ मध्यभागी तुटते तिथे नीट बघा, आतली पट्टीही तिथेच तुटलेली असते. बाकी त्याच्याबद्दल तक्रार नाही.

५५५ टायमर, म्हणजे ठरावीक वेळाने चालू-बंद करणारी चिप, मात्र पैसे वसूल. १९७१ मध्ये हान्स कामेनझिंड यांनी सिग्नेटिक्स कंपनीसाठी आखलेली ही आठ पायांची चिप आजही दहा-पंधरा रुपयांत मिळते. १० के आणि ६८ केचे (के म्हणजे हजार ओहम) रेझिस्टर आणि १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला की सूत्राप्रमाणे सेकंदाला एक लुकलुक. माझी जरा रेंगाळत होती, कारण इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरमध्ये २० टक्क्यांपर्यंत फरक चालतो म्हणे. आमच्या ऑफिसात २० टक्के फरक चालवून दाखवावा कुणी! सासूबाई मात्र तो दिवा बघत बसल्या आणि देवघरासाठी एक करून दे म्हणाल्या.

वायरींवर उपाय सापडला, तोही फुकट. समोरच्या फ्लॅटमध्ये इंटरनेटची लाइन टाकायला मुलगा आला होता. म्हटलं, भिया, उरलेला तुकडा टाकू नकोस, मला दे. हातभर लॅन केबल मिळाली. आत चार जोड्या, आठ रंगांच्या वायरी, प्रत्येकीत एकच सलग तार, साधारण अर्धा मिलिमीटर जाडीची. हव्या त्या मापाची कापा, दोन्ही टोकं नखाएवढी सोला, ब्रेडबोर्डमध्ये अशी घट्ट बसते की ओढून काढावी लागते. भिंतीतून जाणारी केबलच मागा. राउटरला लावायच्या तयार तुकड्यात बहुतेक वेळा बारीक तंतूंची वायर असते, ती भोकात शिरत नाही. आणि सोललेली तार आतून पांढरी दिसली तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम, दोन-तीनदा वाकवलं की मोडतं. थर्मामीटरला ही वायर लावली त्या दिवसापासून आकडा जागचा हलत नाही, हलला तर अर्ध्या अंशाने, आणि तेवढा उनोच्या मोजणीतच हलतो.

किट घ्यावं का? महाराणी रोडवर चौकशी केली, तिथे रेझिस्टर रुपयाच्या आत, बीसी५४७ ट्रान्झिस्टर दोन-तीन रुपयांना. वर दुकानदार काकांनी 'चपटी बाजू अपनी तरफ, तो बाएँ से कलेक्टर, बेस, एमिटर' हेही सांगितलं, जे पुस्तिकेत नाही. सुटं घेतलं असतं तर क्लोन बोर्ड धरूनही शे-चारशे वाचले असते. पण सुटं घ्यायला काय घ्यायचं ते आधी माहीत असावं लागतं, आणि ते मला या किटनेच शिकवलं, एवढं श्रेय देते.

तीन स्टार. वायरी धड दिल्या असत्या तर साडेचार दिले असते.