रोजची मल्टिव्हिटॅमिन की रक्त तपासून नेमकी गोळी?

तळजाईवर सकाळी फिरणाऱ्या आमच्या चौकडीत दोन तट आहेत. एक रोज न्याहारीनंतर मल्टिव्हिटॅमिन घेणाऱ्यांचा. कॅन्सरबिन्सर लांब राहतो, ही त्यांची श्रद्धा. दुसरा रक्त तपासून जे कमी असेल तेवढंच घेणाऱ्यांचा. मी पहिल्या तटात सहा वर्षं काढली आणि आता दुसऱ्यात आहे. फितूर म्हणालात तरी चालेल.

रोजच्या गोळीची बाजू वाटते तितकी लंगडी नाही. अमेरिकेत पन्नाशीपुढच्या १४,६४१ पुरुष डॉक्टरांपैकी निम्म्यांना मल्टिव्हिटॅमिन दिली, निम्म्यांना तशीच दिसणारी पोकळ गोळी. अकरा वर्षांनी, २०१२ साली निकाल आला: गोळीवाल्यांत कॅन्सर ८ टक्के कमी. ऐकायला झकास, पण हिशेब मांडला तर हजार माणसांमागे वर्षाला १८.३ ऐवजी १७. फरक आहे, नाही कसं म्हणू? शिवाय लॅबमध्ये उपाशीपोटी ताटकळायला नको.

माझी अडचण वेगळी. मी वीस वर्षं सिगारेट ओढलेली आहे. आता सोडली, पण आमच्यासारख्यांसाठी बीटा कॅरोटीन (गाजराला रंग देणारं, शरीरात ज्याचं अ जीवनसत्त्व होतं ते) ही भानगड आहे. फिनलंडमध्ये सिगारेट ओढणाऱ्या २९ हजार पुरुषांवर चाचणी झाली, तीही फुप्फुसाचा कॅन्सर टळेल या आशेने. १९९४ मध्ये कळलं की रोज २० मिलिग्रॅम बीटा कॅरोटीन घेणाऱ्यांत तो उलट १८ टक्के जास्त. अमेरिकेतल्या तशाच चाचणीत सिगारेट सोडलेलेही होते. ३० मिलिग्रॅम आणि वर अ जीवनसत्त्व. ती जानेवारी १९९६ मध्ये, मुदतीच्या २१ महिने आधीच थांबवावी लागली. तिथे २८ टक्के जास्त. मंडईतली गाजरं, तांबडा भोपळा खुशाल खा. भांडण गोळीतल्या डोसाशी आहे.

मग माझ्या गोळीत ते आहे का? इथेच माझं बिनसलं. आमचा मेडिकलवाला पंधराच्या स्ट्रिपमधून दहा कापून देतो आणि घटकांची यादी नेमकी त्याच्याकडच्या तुकड्यावर राहते. एकदा यादीवाला तुकडा नशिबी आला, तर कात्री "रोटीन"च्या अलीकडून गेलेली, मिलिग्रॅमचा आकडा दुसऱ्या कुणाच्या घरी. शेवटी हट्टाने अख्खी मागितली. "काका, ती संपली, ही घ्या, सेमच आहे," म्हणून दुसऱ्याच कंपनीची हातात. घरी येऊन भिंग लावलं: बीटा कॅरोटीन १० मिलिग्रॅम. फिनलंडच्या निम्मं. निम्मं तर निम्मं, पण आधीच्या सहा वर्षांत किती गिळलं याचा हिशेब मला कोण देणार?

(आमच्यातले एक गृहस्थ केसांसाठी ई ची कॅप्सूल घेतात. त्यांना सांगितलं की रोज ४०० युनिट ई घेणाऱ्या पुरुषांत प्रोस्टेटचा कॅन्सर १७ टक्के जास्त आढळला होता, २०११ चा अहवाल. त्यांनी डोक्यावरून हात फिरवला आणि विषय बदलला.)

तपासणीची वाटही सरळ नाही. डी आणि बी-१२ एवढंच मागा, लॅबवाले पूर्ण पॅकेजचं घोडं पुढे दामटतात. माझं डी कमी निघालं, बी-१२ त्याहून कमी. शाकाहारी माणसाला यात नवल नाही. डॉक्टरांनी डी चं ६० हजार युनिटचं पाकीट आठवड्यातून एकदा, आठ आठवडे लिहून दिलं. रविवार मी दोनदा विसरलो. आणि कॅन्सरचं म्हणाल तर इथेही पदरात फार काही पडत नाही: अमेरिकेतच २५,८७१ जणांच्या चाचणीत रोज २,००० युनिट डी पाचेक वर्षं घेऊनही कॅन्सर होण्याचं प्रमाण घटलं नाही. पण बी-१२ सुरू केल्यावर माझ्या तळपायाच्या मुंग्या थांबल्या, आणि पाकिटावर एकच नाव, एकच आकडा. भिंग लागत नाही.

माझं चुकतही असेल, आपापल्या डॉक्टरांना विचारावं. पण सिगारेट ओढत असाल किंवा ओढून सोडली असेल, तर रोजच्या गोळीची यादी पूर्ण वाचल्याशिवाय ती घेऊ नये, आणि वाचायला मिळत नसेल तर तपासणीचे पैसे खर्च करावेत, असं मला वाटतं. बायको अजून रोजची घेते. तिने जन्मात सिगारेटला हात लावलेला नाही, आणि तिला मेडिकलवाला अख्खी स्ट्रिप देतो.