विंड चिलचा पहिला प्रोग्राम: गुगल शीट, पायथन की सी?

माझी भाची सांगलीत इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे, तिला विंड चिल (वाऱ्यामुळे अंगाला जाणवणारी थंडी, आकड्यात) काढायची असाइनमेंट मिळाली आणि तिने फोन करून विचारलं, मावशी, हे सी मध्येच करू का आधी पायथनमध्ये करून बघू, का सरळ एक्सेलमध्ये होतंय? प्रश्न साधा वाटतो पण मी त्यावर तीन रविवार तिच्यासोबत व्हिडिओ कॉलवर बसले, तेव्हा म्हटलं जे कळलं ते नीट लिहूनच काढावं, कारण हाच प्रश्न पडलेले खूपजण असतील.

मी कॅनडात विनिपेगला राहते. इथे जानेवारीत घराबाहेर पडताना माणसं तापमान नंतर बघतात, आधी विंड चिल किती ते बघतात, मुलांना शाळेत सोडायचं असलं तर नक्कीच. विंड चिल मायनस २८ च्या खाली गेलं की उघडी त्वचा १० ते ३० मिनिटांत गोठू शकते, मायनस ४० च्या खाली ५ ते १० मिनिटांत. म्हणून हा आकडा चुकीचा आलेला मला बघवत नाही, असाइनमेंट असली तरी.

आधी सूत्र सांगते, म्हणजे पुढचं बोलणं सोपं जाईल. तापमान सेल्सिअसमध्ये, वारा ताशी किलोमीटरमध्ये:

विंड चिल = १३.१२ + ०.६२१५ × तापमान − ११.३७ × (वेगाचा ०.१६ वा घात) + ०.३९६५ × तापमान × (वेगाचा ०.१६ वा घात)

हे २००१ पासूनचं, कॅनडा आणि अमेरिका दोघांनी मिळून आणलेलं. त्याच्या आधीचं सूत्र पॉल सायपल आणि चार्ल्स पासेल ह्यांच्या अंटार्क्टिकावरच्या प्रयोगातून आलेलं, प्लॅस्टिकच्या नळकांड्यात पाणी भरून ते वाऱ्यात टांगायचं आणि गोठायला किती वेळ लागतो ते मोजायचं, १९४५ साली छापून आलं ते. नवीन सूत्रासाठी मात्र टोरांटोत १२ जणांना, ६ बायका आणि ६ पुरुष, थंड वाऱ्याच्या बोगद्यात ट्रेडमिलवर चालवलं आणि चेहऱ्याची उष्णता किती जाते ते मोजलं. ते चालणं धरलंय ताशी ४.८ किलोमीटर, आणि वारा त्यापेक्षा कमी असेल तर सूत्र वापरायचं नाही अशी जी अट असते ना ती तिथूनच आलीय. दुसरी अट, तापमान १० किंवा त्याखाली हवं. जुन्या पुस्तकातून सूत्र उचलणार असाल तर आधी साल बघा.

पडताळ्यासाठी एक जोडी लक्षात ठेवा: तापमान मायनस १०, वारा ३०, उत्तर मायनस १९.५ च्या आसपास.

आता तुलना. शीट घ्या, पायथन घ्या, सी घ्या, आकडेमोड सगळीकडे तीच आणि उत्तरही तेच, एका ओळीचं तर सूत्र आहे. फरक पडतो तो तुम्ही चुकल्यावर. नवशिका चुकणारच, त्यामुळे कुठलं साधन तुमची चूक तुम्हाला लवकर दाखवतं हे बघून निवडा असं माझं म्हणणं आहे, कुठली भाषा भारी ते नंतर बघू.

शीटपासून सुरू करू. गुगल शीट असो, एक्सेल असो नाहीतर फुकटचं लिब्रे ऑफिस, बी कॉलमला तापमान, सी कॉलमला वारा, डी मध्ये सूत्र आणि खालपर्यंत ओढायचं, पाच मिनिटांत ७४४ ओळी तयार (जानेवारीचे ३१ दिवस गुणिले २४ तास). घातासाठी ^ हे चिन्ह इथे चालतं, पायथन आणि सी मध्ये त्या चिन्हाचा अर्थ वेगळा आहे हे आत्ताच ध्यानात ठेवा. शीटची मोठी ताकद ही की सगळी उत्तरं एकदम डोळ्यासमोर असतात, शेजारी आलेख काढला की जिथे काही विचित्र झालंय तिथे टोक वर आलेलं दिसतं, प्रोग्रामिंग शून्य येत असलं तरी चालतं, फोनवरसुद्धा होतं.

पण शीटमध्ये एक गोष्ट गुपचूप होते. रिकामी सेल ती शून्य धरते. आमच्या फाइलमध्ये (विनिपेगच्या जानेवारीच्या तासातासाच्या नोंदी, त्या कुठून मिळतात ते पुढे सांगते) मध्येच काही तासांची नोंदच नव्हती, तापमानही नाही नि वाराही नाही, आणि डी कॉलममध्ये मायनस २७, मायनस २८ असं चाललेलं असताना अचानक १३.१२, परत १३.१२, परत १३.१२. भाची म्हणाली, मावशी इथे एकदम उन्हाळा कसा आला गं? मी तिला म्हटलं सूत्राकडे बघ, तापमान शून्य नि वारा शून्य घातला की काय उरतं? पहिला आकडा तेवढा उरतो. तिथे ती जे शिकली ते मी तासभर बोलून शिकवू शकले नसते. नुसता वारा रिकामा असेल तर अजून घोटाळा, मायनस १० ला उत्तर येतं अधिक ६.९, म्हणजे कडाक्याच्या थंडीत वारा पडला की उबदार. शून्य वाऱ्याला विंड चिल म्हणजे तेच तापमान, एवढं साधं आहे ते, पण इफ (अमुक असेल तर तमुक कर, अशी अट) लावून ते आपणच सांगावं लागतं.

सी चं बोलू, कारण कॉलेजमध्ये बहुतेकांना तेच असतं. सी मध्ये विंड चिल करणं म्हणजे निम्मा वेळ विंड चिलशी काहीही संबंध नसलेल्या गोष्टींशी झटापट. घातासाठी पॉव हे फंक्शन लागतं, त्यासाठी प्रोग्रामच्या सुरुवातीला मॅथ डॉट एच लिहा, आणि लिनक्सवर जीसीसी (सी चा कंपायलर) वापरत असाल तर कमांडच्या शेवटी डॅश एल एम जोडा, नाहीतर पॉव सापडत नाही म्हणून लिंकर (प्रोग्रामचे भाग एकत्र जोडणारा) ओरडतो आणि बिचारा नवशिका आपल्या सूत्रात चूक शोधत बसतो. डबल (दशांश आकड्याचं) व्हेरिएबल वाचताना स्कॅनएफ मध्ये टक्के एफ लिहिलं, टक्के एल एफ नाही लिहिलं, तर आत भलताच आकडा जातो.

पण हे निदान दिसतं तरी. खरा त्रास न दिसणाऱ्या चुकीचा. तिच्या असाइनमेंटमध्ये तापमान फॅरनहाइटमध्ये घेऊन सेल्सिअसमध्ये बदलायचं होतं, तिने लिहिलं ५ भागिले ९ गुणिले (तापमान वजा ३२), कागदावर एकदम बरोबर. प्रोग्राम चालला, एररही नाही. १४ फॅरनहाइट आणि वारा २० दिला तर मायनस ५.२४. मायनस ४ फॅरनहाइट आणि तोच वारा दिला तरी मायनस ५.२४! सी मध्ये दोन पूर्णांकांचा भागाकार पूर्णांकच येतो, ५ भागिले ९ म्हणजे शून्य, त्यामुळे तापमान काहीही द्या, सेल्सिअस शून्यच. खरी उत्तरं होती मायनस १७.९ आणि मायनस ३०.५, त्यातल्या दुसऱ्यात माणसाचे गाल गोठतात आणि प्रोग्राम म्हणतोय मायनस ५. ५.० भागिले ९.० केलं आणि सुटलं. एकच आकडा देऊन ती थांबली असती तर हे कधीच कळलं नसतं.

पायथनमध्ये नेमकी हीच चूक होत नाही, आताच्या पायथनमध्ये ५ भागिले ९ म्हणजे ०.५५ च येतं. घात दोन चांदण्यांनी करायचा, आणि सवयीने ^ टाकलात तर तो थांबतो आणि सांगतो हे चालणार नाही. कीबोर्डवरून इनपुट घेऊन फ्लोटमध्ये (दशांश आकड्यात) बदलायचं विसरलात तर तिथेही थांबतो, कारण इनपुटमधून येतं ते अक्षरांच्या रूपात असतं आणि त्याला ०.६२१५ ने गुणता येत नाही. मेसेज सुरुवातीला अगम्य वाटतो पण कुठल्या ओळीवर अडलंय ते सांगतो, आणि नवशिक्याला तेवढं पुरतं. रिकाम्या नोंदीचंही तसंच, साध्या पद्धतीने सीएसव्ही (स्वल्पविरामांनी वेगळे केलेले आकडे असलेली साधी फाइल) वाचलीत तर रिकाम्या जागेवर फ्लोट एरर देतं, पांडाज (तक्ते हाताळायची पायथनची लायब्ररी) वापरलंत तर तिथे आकडा नाही अशी खूण राहते आणि उत्तरातही तीच खूण येते, १३.१२ नाही येत. सी मध्ये ए-टू-एफ ने (मजकुराचा आकडा करणारं फंक्शन) रिकामी जागा वाचली तर तिथेही शून्यच मिळतं, शीटसारखं, फक्त शीटमध्ये निदान ते समोर दिसतं तरी.

पायथनची अडचण काय तर इन्स्टॉल करताना आणि पहिल्यांदा फाइल उघडताना नवशिके दमतात. ब्राउझरमधल्या नोटबुकमध्ये (तिथे काही इन्स्टॉल न करता पायथन लिहून चालवता येतं) केलं तर ते बरंच वाचतं.

आता ज्या चुका तिघांपैकी कोणीच पकडत नाही त्या, आणि मला ह्यांचीच जास्त काळजी वाटते. वारा मीटर प्रति सेकंदात असेल आणि ३.६ ने गुणायचं राहिलं तर मायनस १०, वारा ताशी ३० किलोमीटर (म्हणजे ८.३३ मीटर प्रति सेकंद) ह्याचं उत्तर मायनस १९.५ ऐवजी मायनस १४.६ येतं, आणि दोन्ही आकडे दिसायला शहाणेच. वारा नॉटमध्ये (ताशी समुद्री मैल) असेल तर १.८५२ ने गुणा. अमेरिकन सूत्रात आकडे वेगळे आहेत, ३५.७४, ३५.७५, ०.४२७५, ते फॅरनहाइट आणि मैलांसाठी, फक्त ०.६२१५ दोन्हीकडे सारखा आहे आणि त्यामुळेच माणसं अर्धं इकडचं अर्धं तिकडचं लिहितात. आणि मर्यादा! भाचीने उत्साहाने सांगलीचं त्या दिवसाचं घातलं, ३० अंश आणि वारा १०, उत्तर आलं ३२.५, म्हणजे वाऱ्याने उकाडा वाढला. सूत्र त्या हवेसाठी बनलेलंच नाही, पण ते काही तुम्हाला नाही म्हणत नाही, नाही म्हणणारं इफ तुम्ही लिहायचं.

म्हणून डेटा असा घ्या की ज्यात उत्तर आधीच आहे. एन्व्हायरन्मेंट कॅनडाच्या (कॅनडा सरकारचं हवामान खातं) जुन्या तासातासाच्या नोंदी फुकट उतरवता येतात, एका महिन्याची एक सीएसव्ही, त्यात तापमान असतं, वारा ताशी किलोमीटरमध्ये असतो आणि विंड चिलचा स्वतंत्र कॉलमही असतो, पूर्णांकात. ह्या नोंदींतला वारा १० मीटर उंचीवर मोजलेला असतो, त्यात काही फेरफार करू नका, सूत्र तो तसाच धरून बनवलंय. तुमचा कॉलम आणि त्यांचा कॉलम ह्यातला फरक काढा, ज्या तासांना सूत्र लागू होतं तिथे तो अर्ध्या अंशाच्या आत बसला पाहिजे.

तर कोणी काय घ्यावं. प्रोग्रामिंग कधीच केलं नसेल किंवा हातात फक्त फोन असेल तर शीट, आणि एक अख्खा महिना त्यात करा, दोनतीन आकडे घालून सोडू नका. प्रोग्रामिंग शिकायचंच ठरवलंय आणि कॉलेजची सक्ती नाही तर पायथन, पण माझ्या मते आधी एक संध्याकाळ शीटला द्या आणि मगच पायथन, म्हणजे पायथनचं उत्तर ताडून बघायला तुमचंच काहीतरी हाताशी असेल. सी सक्तीचं असेल तर सी करा, मन लावून करा, पूर्णांकाचा भागाकार एकदा असा अंगावर आला की पुढे आयुष्यभर लक्षात राहतो, पण पाच जोड्यांची उत्तरं शीटमध्ये आधी काढून ठेवा आणि त्यातली एक जोडी वारा शून्यची असू द्या. आवडीखातर सी ने सुरुवात करावी असं मी कोणाला सांगणार नाही, ह्या सरावासाठी तरी नाही.

भाचीने शेवटी तिन्हींत केलं. सी चं सबमिट केलं, शीट मला पाठवली, आणि पायथनमध्ये आता विंड चिल मायनस २८ च्या खाली गेलेले तास मोजतेय. फाइल उतरवताना महिना जानेवारी निवडा, जुलै नको, विनिपेगला जुलैत तो विंड चिलचा कॉलम रिकामाच असतो.