चेतापेशींच्या थरांचा अभ्यासक्रम: शिकवणे उत्तम, उपशीर्षके निकृष्ट

गर्भावस्थेत चेतापेशी मेंदूतील आपापल्या थरापर्यंत कशा पोहोचतात, हे शिकवणारा एक सशुल्क ऑनलाइन अभ्यासक्रम मी नुकताच पूर्ण केला. त्यातील रीलिन या प्रथिनावरच्या भागासाठीच शुल्क भरावे, असे माझे मत आहे. मेंदूच्या बाह्यकातील, म्हणजे बाहेरच्या आवरणातील (कॉर्टेक्स), थर आतून बाहेर रचले जातात, म्हणजे उशिरा जन्मलेल्या पेशी आधीच्या पेशींना ओलांडून वर जातात. पृष्ठभागालगतच्या काहाल-रेट्झियस पेशींनी स्रवलेले रीलिन स्थलांतर करणाऱ्या पेशींवरील ग्राहींना, म्हणजे संकेत पकडणाऱ्या प्रथिनांना, चिकटते, पेशीच्या आतील डॅब-१ प्रथिनावर फॉस्फेट चढतो आणि त्यातून पेशीला आपली जागा घेण्याचा संकेत मिळतो, हा सारा प्रवास चलतचित्रांतून इतका स्वच्छ दाखवला आहे की मी तो तीनदा पाहिला. १९५१ मध्ये आनुवंशिकीतज्ज्ञ फाल्कनर यांनी वर्णन केलेल्या, झोकांड्या खात चालणाऱ्या 'रीलर' उंदरांत हे प्रथिनच नसल्याने थरांचा क्रम ढोबळमानाने उलटतो; त्यामागचे जनुक मात्र १९९५ मध्ये ओळखले गेले, आणि ही कथा निवेदकाने घाई न करता सांगितली आहे.

नॉच संकेतमार्ग, जो पूर्वज पेशींना (ज्यांच्यापासून पुढे चेतापेशी तयार होतात) अकाली चेतापेशी होण्यापासून रोखतो, तो मात्र पाच मिनिटांत उरकला आहे. मराठी उपशीर्षके यंत्राने केलेली असावीत, कारण तिथे 'सेल'चे भाषांतर चक्क 'विक्री' असे येते. बारावीचे जीवशास्त्र पक्के असलेल्यांनी उपशीर्षके बंद ठेवून हा अभ्यासक्रम जरूर घ्यावा.